डावीकडं झिजलेला पाटा

आमच्या घरात दोन पाटे होते. एक रोजचा, स्वयंपाकघरात मोरीजवळ भिंतीला टेकून ठेवलेला, आणि दुसरा देवाचा, देवघराच्या अंधाऱ्या खोलीत लाल फडक्याखाली झाकलेला. रोजच्या पाट्यावर आई वाटायची, देवाच्या पाट्यावर आत्या. रायपूरच्या बूढ़ापाऱ्यात तलावाच्या अंगाला आमचं भाड्याचं बिऱ्हाड होतं, तीन खोल्या आणि एक लांबुळकी पडवी. सकाळी त्या पडवीत झोपेतून डोळे उघडायच्या आधी मला ऐकू यायचा तो आईच्या वरवंट्याचा आवाज. घर्र, घर्र, घर्र, मग जरा थांबून बोटांनी वाटण निपटल्याची सळसळ. लसूण-तिखट असेल तर आवाज कोरडा, जवस असेल तर जड, आणि शेजारणीकडून शिकलेली पतालची चटणी असेल तर नुसता ओला सपसप. टमाट्याला पताल म्हणायचं हे आम्ही आईच्या दुधाबरोबरच शिकलो, नागपूरकडचे पाहुणे हसायचे तेव्हा कुठं कळायचं की हा शब्द आपला नाही. चुलीच्या राखेत भाजलेले पताल, हिरवी मिरची, मूठभर कोथिंबीर, मीठ. ती चटणी आणि गरम भात असला की बाबा दुसरं काही मागत नसत. आता आमच्या सूनबाई मिक्सर लावतात तेव्हा घरातलं बोलणंच थांबतं. पाट्याच्या आवाजात माणसांना बोलता यायचं, एवढं तरी त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

बाबा अजायबघरात नोकरीला होते. संग्रहालय हा शब्द कागदोपत्री, गावात सगळे अजायबघरच म्हणायचे. त्यांचं काम लेबलं लिहिण्याचं. काचेच्या कपाटात ठेवलेल्या प्रत्येक मूर्तीखाली, मडक्याखाली, नाण्याखाली जी पांढरी पट्टी असायची तिच्यावरचं अक्षर बाबांचं. तिरप्या कापलेल्या निबेनं ते लिहायचे, शिरोरेघ ओढताना श्वास रोखून धरायचे आणि रेघ संपली की सोडायचे. लोक मूर्ती पाहून निघून जात, मी मात्र लेबलं वाचत फिरायची. माझ्या बापानं देवांना नावं दिली आहेत, असं मला अगदी खरं वाटायचं. माझंही अक्षर त्यांच्यासारखं व्हावं ही त्यांची एकच हौस होती, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. मी डावखुरी होते.

हे डावखुरेपण आईकडून आलं होतं. आई लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिला चटणी वाटताना पाहून आत्यानं कपाळाला हात लावला म्हणे. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती सासरहून कधीतरी परत आली होती आणि मग गेलीच नाही. का, ते मला कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. घर तिच्या शब्दावर चालायचं. वाईट नव्हती हो ती. मला ताप आला की रात्रभर उशाशी बसायची ती आत्याच. पण डाव्या हाताचं नाव निघालं की तिचा चेहरा पार बदलून जायचा. आईच्या हातचं रोजचं खायला तिची हरकत नव्हती, पण नैवेद्याचं वाटण आणि महालक्ष्म्यांचं पुरण ती आईच्या हाती लागू द्यायची नाही. देवघराचं दार लावून घेऊन, खांदा दुखत असला तरी, सगळं स्वतः वाटायची. देवाच्या वाटणाला कुणाची नजर लागू नये म्हणून दार लावायचं, असं तिचं म्हणणं. बाहेर आम्हाला नुसता आवाज ऐकू यायचा.

चौथीत पाटी सुटून हातात पेन आलं आणि आत्यानं माझ्यासाठी एक पिशवी शिवली. जुन्या मांजरपाटाची, मनगटाशी नाडी असलेली. जेवताना आणि लिहिताना माझा डावा हात त्या पिशवीत घालून ती नाडी आवळायची. "घट्ट झाली काय वं?" असं विचारायची, सैलही करायची, पण सोडायची नाही. "आता त्रास होईन, मोठी झाली का माही आठवण काढशीन. पोरीच्या जातीले हा दोष घेऊन कुठं जाता येत नाही." दोष हा शब्द मी पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकला. उजव्या हातानं माझी अक्षरं पडक्या भिंतीसारखी यायची. बाबा वही पाहून नुसते "हं" म्हणायचे आणि ते "हं" मला छडीपेक्षा लागायचं. त्या पावसाळ्यापासून माझी जीभ अडखळायला लागली. वर्गात माझं नाव विचारलं तर न-न-न वरच गाडी अडायची, नलिनीपर्यंत पोहोचायचीच नाही. मग मी बोलणंच सोडलं. मास्तरांना वाटलं पोरगी मठ्ठ आहे. आई हे सगळं पाहत होती आणि गप्प होती. तिचा तेव्हा मला राग यायचा. आज कळतं, ज्या गोष्टीसाठी तिलाच इतकी वर्षं खाली मान घालायला लावली होती तिच्या बाजूनं ती कोणत्या तोंडानं बोलणार?

त्याच हिवाळ्यात महानदीकाठच्या एका गावाजवळ टेकाड खणायला सुरुवात झाली. बाबा रोज काहीबाही सांगायचे. जुन्या घरांच्या जमिनी निघाल्या, मणी निघाले, मातीची खेळणी निघाली. मग पेट्या भरून ट्रक अजायबघरात आला आणि त्याचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. आमच्या पडवीत लेबलांचा ढीग पडला. उत्खननाचे साहेब हिंदीत मजकूर लिहून देत, बाबा तो सुबक अक्षरात उतरवत. एका संध्याकाळी जेवताना बाबा हसत म्हणाले, "दोन हजार वर्षांपूर्वीच्या बायाही चटणीच वाटून राहिल्या होत्या. एका घरात चुलीजवळ पाटा अन् वरवंटा निघाला. पण बेढब हाये. एकाच बाजूनं झिजला. साहेब म्हणते, 'घिसाई में दोष' लिहा अन् मागच्या कोपऱ्यात ठेवा."

आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "कोणत्या बाजूनं झिजला?"

"मले काय ठाऊक? दगड हाये तो. तुले काहून पाह्यजे?"

"असंच," आई म्हणाली आणि पुन्हा भाकरी थापू लागली. पण त्या रात्री तिनं बाबांना ते लेबल मागून घेतलं आणि कंदिलाजवळ धरून दोन-तीनदा वाचलं. दोष. बाबांच्या हातून तो शब्द फारच देखणा उतरला होता.

प्रदर्शन उघडायच्या आदल्या दिवशी नोकरमाणसांच्या घरच्यांना पाहू देत. आम्ही चौघं दोन रिक्षांनी गेलो. आत्याला विष्णूच्या मूर्तीपुढं हात जोडायचे होते. आईनं लग्नातलं हिरवं लुगडं नेसलं होतं. बाहेर चारचौघांत पिशवी बरी दिसत नाही म्हणून आत्यानं माझा डावा हात स्वतःच्या हातात धरून ठेवला होता, सगळ्या दालनांतून. तिचा तळवा घामानं ओला होता हे मला आजही आठवतं.

मागच्या कोपऱ्यात, दोरीपलीकडं, लाकडी ठोकळ्यावर तो पाटा होता. काळपट, बाबांच्या लेखी बेढब. आई त्याच्यासमोर गेली आणि स्वयंपाकघरात बसावी तशी, एक गुडघा वर घेऊन, चक्क जमिनीवर बसली. मान वाकडी करून तिनं दगडावरून नजर फिरवली. मग उठली, दोरीखालून वाकून आत गेली आणि वरवंटा दोन्ही हातांनी उचलला.

मनराखन कका पहारेकरी होता. तो धावतच आला, हात लावू नका, साहेब रागावतील, असं त्याच्या बोलीत ओरडत. "दीदी, झन छुवव! साहेब खिसियाही!"

आईनं ऐकलं नाही. तिनं पाटा पार फिरवून ठेवला, त्याच्यापुढं बसली आणि एकदा वरवंटा पुढं ढकलून मागं ओढला. तो आवाज त्या दालनात घुमला. मूर्ती पाहणारी माणसं वळून पाहू लागली. बाबांचा चेहरा पांढरा पडला, कारण दारातून साहेब येत होते.

साहेब उंच, चष्म्याचे, आवाजाला मऊ. "क्या बात है, बहनजी?" एवढंच म्हणाले.

आईचं हिंदी म्हणजे मराठीलाच हिंदीची टोपी घातलेली. पण त्या दिवशी ती अडखळली नाही. "साहेब, आपने पाटा उलटा रखा था. ये देखो, ये कड गुळगुळीत है. वाटण इधर जाता है, इधर से बोटों से निपटते हैं, तो ये कड बसनेवाली के सामनेवाली. बसनेवाली की तरफ की कड खरबरीत रहती. अब सीधा रखा. अब देखो कौन बाजू खोल गयी."

साहेब वाकले. "बायीं."

"वरवंटा कौन टोक पतला हुआ?"

"वो भी बायाँ."

"तो दोष काहे का?" आईचा आवाज चढला. "ये बाई डावखुरी थी. रोज वाटती थी, जोर डावे हाथ का. मेरे घर का पाटा ऐसाच है. इसमें दोष नहीं है, साहेब. ये कागद झूठ बोलता है."

साहेबांना डावखुरी शब्द कळला नाही. मनराखन ककानं मध्ये तोंड घातलं, "डेरी हाथ वाली रहिस, साहेब." छत्तीसगढीत डावा तो डेरी आणि उजवा तो जेवनी, जेवायचा म्हणून जेवनी. साहेब पुन्हा वाकून ती कड पाहू लागले. आत्यानं माझा हात इतका घट्ट दाबला की मला कळ आली. दगडाकडं पाहत ती पुटपुटली, "हिले सासू नसन."

आईनं ते ऐकलं. दोरीपलीकडूनच, आयुष्यात पहिल्यांदा, तिनं आत्याला उलट उत्तर दिलं. "सासू असन, वन्सं. पण तिनं मुकाट्यानं चटणी खाल्ली असन."

परवा मी नव्या रायपुरातल्या प्रदर्शनाला गेले होते. आता तिकडं रस्ते इतके रुंद की पलीकडच्या माणसाला हाक ऐकू जायची नाही. सोबत भाच्याची मुलगी होती. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, आणि आमचं दोघींचं छान जमतं. अलीकडं नदीकाठी पुन्हा खणलंय, नवं बरंच सापडलंय, आणि त्या नव्या वस्तूंच्या जोडीला आमचा पाटाही मांडला आहे. खालून दिवा सोडलाय, बाजूला पडद्यावर एक चित्रातली बाई डाव्या हातानं वाटते आहे. पट्टीवर छापलंय, 'विशेषज्ञों के अनुसार'. मी हसले तर पोरगी म्हणाली, "क्या हुआ, आजी?" म्हटलं, विशेषज्ञ म्हणजे माझी आई. पाचवी पास. तिला वाटलं मी थट्टा करतेय.

पण त्या दिवशी साहेब एवढ्यानं मानले नव्हते, आणि त्यांचं बरोबरच होतं. एकीच्या सांगण्यावरून कुणी लेबल बदलत नाही. "आपके घर की सिल मैं देख सकता हूँ?" त्यांनी विचारलं. सिल म्हणजे पाटा. बाबा "हाँ सर, हाँ सर" करत राहिले आणि परतताना आईला सोडून दुसऱ्या रिक्षात बसले. रात्री जेवताना माझ्या हाताची नाडी नेहमीपेक्षा जास्त आवळली गेली.

रविवारी सकाळी साहेब खरंच आले. बूट पडवीत काढले आणि मांडी घालून आमच्या स्वयंपाकघरात बसले. एवढा मोठा माणूस मोरीजवळ बसलेला पाहून आईचीच धांदल उडाली. मी कोपऱ्यात शुद्धलेखन लिहीत होते, डाव्या हाताला पिशवी तशीच. साहेबांचं लक्ष गेलं. "बेटी के हाथ को क्या हुआ? चोट लगी है?"

"कुछ नहीं, सर," बाबा घाईनं म्हणाले.

साहेबांनी रोजच्या पाट्यावर लाकडी पट्टी आडवी धरली, तिच्याखालून लहान फुटपट्टीनं ठिकठिकाणी खोली मोजली आणि वहीत आकडे लिहिले. डावीकडं खोल. अगदी तशीच झीज. ते खूश झाले, लहान पोरासारखे. मग म्हणाले, "तुलनेला उजव्या हाताचा एखादा हवा. घरात दुसरा पाटा आहे का?" म्हणाले अर्थात हिंदीतच.

बाबांना यात अडचण दिसली नाही. ते देवघरात गेले आणि लाल फडक्यातला पाटा उचलून घेऊन आले. आत्या तेव्हा तुळशीपाशी होती. ती आत येईपर्यंत साहेबांनी पट्टी आडवी धरलीसुद्धा होती.

त्यांनी एकदा मोजलं. पाटा फिरवून पुन्हा मोजलं. कड बोटानं चाचपली, आईनं शिकवली होती तशी. "ये भी बाएँ हाथ की है," ते म्हणाले. "इस पर कौन पीसता है?"

बाबा पाट्याकडं पाहत होते, मग त्यांनी दारात उभ्या असलेल्या आत्याकडं पाहिलं. मला सगळं कळलं नाही, पण आत्याचा चेहरा मी पाहिला. मी वर्गात नाव सांगायला उभी राहायची तेव्हा माझा असाच होत असणार.

आई पुढं झाली. "वो भी मेराच है, साहेब," ती म्हणाली. "दोनों पे मैंच वाटती हूँ."

माझ्या आईच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकमेव खोटं. जिनं तिला इतकी वर्षं देवाच्या पाट्याला हात लावू दिला नव्हता, तिच्यासाठी ती बोलली. मला ते आठवलं की अजून भरून येतं, आणि मी ते लपवत नाही.

आत्या उंबऱ्यावरून आत आली. "नाही," ती म्हणाली. "तो माहा हाये. मी वाटतो त्याच्यावर." लहानपणच्या बोलीत तिच्या तोंडून कधीकधी असं 'वाटतो' निघून जायचं. साहेबांना मराठी कळत नव्हतं, पण एवढं कळलं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि सहज म्हणाले, "अच्छा, तो इस घर में दो जन बाएँ हाथ के हैं."

"दोन नाही," आत्या म्हणाली. "तीन." आणि माझ्याजवळ येऊन खाली बसली. नाडीची गाठ ओढून बसली होती, सुटेना. शेवटी तिनं दातांनी सोडवली. पिशवी निघाली. साहेबांनी मान खाली घालून आकडे लिहायला घेतले आणि बराच वेळ वर पाहिलंच नाही. चांगला माणूस.

ते गेल्यावर आत्या पडवीत बसून राहिली. मी तिच्याजवळ गेले तर मला मांडीवर ओढून घेतलं, मी काही मांडीवर बसायच्या वयाची राहिले नव्हते तरी. मग बोलू लागली, कुणाकडंही न पाहता. तिच्या आईनं तिचा हात असाच बांधला होता, दोरीनं. सगळ्यांना वाटलं सुटली सवय. लग्न झालं, सासरी सगळं नीट चाललं होतं. एक दिवस पंगत बसली होती, भात वाढायचा होता, घाई होती, आणि पळी डाव्या हातात कधी आली तिला कळलंच नाही. सासरे ताटावरून उठले. मग एकेक करून सगळी पंगत उठली. आठ दिवसांनी तिला घेऊन जा म्हणून निरोप आला. "तुहा बाप आला होता मले न्यायले," ती म्हणाली. "तेव्हा मिसरूडबी नव्हतं फुटलं त्याले. गाडीत अख्ख्या वाटेनं माही ट्रंक पायाशी धरून बसला होता. काहून आणलं, एवढंबी विचारलं नाही कधी." थोड्या वेळानं म्हणाली, "तुह्यावर नको यायले, म्हणून करून राहिली होती मी. बाकी काही नाही वं."

आई आतून ऐकत होती. बाबा दारात उभे होते.

माझी जीभ लगेच सुटली नाही, कुणाला तसं वाटू नये. दोन वर्षं लागली, आणि अजूनही रागात आले की न वर अडकते. बाबांसारखं अक्षर मला कधीच आलं नाही. डाव्या हातानं आलं ते माझं स्वतःचं आलं, जरा मागं रेललेलं. बाबांनी ते लेबल 'दोष' गाळून नव्यानं लिहिलं, पण ते त्यानंतरच्या आठवड्यात. त्या रविवारी दुपारी आम्ही नेहमीसारखे जेवायला बसलो. भात झाला होता, वरण झालं होतं, आईनं पतालची चटणी वाटली होती. आई वाढायला उठली तर आत्या म्हणाली, "तू बस, सुमन. आज मी वाढतो." ती भाताचं पातेलं घेऊन ताटांसमोर आली. पातेलं तिनं उजव्या कुशीत धरलं आणि पळी डाव्या हातात घेतली. पळीतली भाताची शितं पातेल्यातच परत पडत होती. पहिलं ताट बाबांचं. ती त्यांच्यासमोर नुसती उभी राहिली, वाढेना.

बाबांनी ताट दोन्ही हातांनी उचलून वर धरलं. "वाढ, ताई," ते म्हणाले. "भूक लागली."